मदत हवी आहे: व्हर्सायच्या तहातला दंड पोरांना कसा समजावून सांगू?

नमस्कार मंडळी, इतिहासाच्या जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा.

मी अंबाजोगाईकडं एका अभ्यासिकेत बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इतिहास शिकवतो. सध्या व्हर्सायच्या तहापाशी, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर दोस्तांनी हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या तहापाशी गाडी अडकलीय. गाईडमध्ये सगळीकडं तीच एक ओळ असते, अटी जाचक होत्या म्हणून हिटलर आला, अन् पोरं ती पाठ करून मोकळी होतेत. पण यंदाची बॅच विचारणारी निघाली. एका पोरीनं सरळ विचारलं, सर, एवढ्या जाचक होत्या तर वीस वर्षांत जर्मनी पुन्हा अख्ख्या युरोपवर चालून कसा गेला? प्रश्न रास्त आहे आणि मला वेळ मारून न्यायची नाही.

अटी तशा सगळ्यांना माहिती आहेत. लष्कर १ लाखावर, रणगाडे, विमानं, पाणबुड्या बंद, आल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत, वसाहती गेल्या, जर्मनीतल्या सार भागाच्या कोळसा खाणी फ्रान्सकडं, ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला अजिबात आणि पूर्वेला ५० किलोमीटरपर्यंत सैन्य ठेवायचं नाही. हे पोरांना पटकन कळतं. घोडं अडतं ते दंडापाशी, म्हणजे जर्मनीनं द्यायच्या युद्धाच्या भरपाईपाशी. १३२ अब्ज सुवर्ण मार्क (सोन्याच्या भावात मोजलेलं जर्मन चलन) फळ्यावर लिहिले तर पोरं नुसती शून्यं मोजत बसतेत.

मग मी त्यांना तहाचं जनावरांचं परिशिष्ट वाचून दाखवलं. तीन महिन्यांत फ्रान्सला ९० हजार दुभत्या गायी, त्या पण २ ते ६ वर्षं वयाच्या, ३० हजार घोड्या आणि शिंगरं, १ लाख मेंढ्या, १० हजार शेळ्या, आणि बेल्जियमला वेगळ्या ५० हजार दुभत्या गायी, ४० हजार कालवडी. वर्ग एकदम गप्प झाला. आपल्याकडची पोरं, दुष्काळात चारा छावणीवर जनावरांसोबत राहिलेली, दावणीची दुभती गाय सोडून देणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. मागचा एकजण म्हणाला, भाकड नाही चालायची का सर? आता ही जनावरं वाऱ्यावरची मागणी नव्हती, जर्मन फौजांनी बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधून ओढून नेलेल्या जनावरांची ती भरपाई होती, हे मी आवर्जून सांगितलं. पण दोस्तांच्या नाकेबंदीनं जर्मनीत खायचे वांधे झालेले, ती नाकेबंदी युद्ध थांबल्यावरही जुलै १९१९ पर्यंत चालू राहिली, आणि तशात दुधाची जनावरं मागितली, म्हणजे घराघरात काय बोललं गेलं असेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तहात दंडाचा एकूण आकडाच नव्हता! ७ मे १९१९ ला जर्मनीच्या हातात मसुदा दिला, समोरासमोर वाटाघाटी नाहीत, काय म्हणायचं ते लेखी द्या. जर्मनीतलं शायडेमानचं सरकार राजीनामा देऊन गेलं, आणि शेवटी २८ जूनला सही झाली ती व्हर्सायच्या आरसे महालात, जिथं १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. आकडा ठरला मे १९२१ मध्ये, लंडनला. म्हणजे सही आधी अन् रक्कम नंतर. (भारताच्या वतीनं ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सही केली, हे पोरांना फार भारी वाटलं.)

आता माझं मत सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. मी पोरांना उदगीरचा तह सांगतो, किल्ला बहुतेकांनी बघितलेलाच असतो. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाकडून सुमारे ६० लाखांचा मुलूख घेतला, दौलताबादसुद्धा. वर्षभरात पानिपत झालं, मराठ्यांचा जोर ओसरला की निजाम उठला, १७६३ ला पुणं लुटलं, मग गेवराईकडच्या राक्षसभुवनला माधवरावांना पुन्हा लढावं लागलं. तह मोडला तो अटींमुळं नाही, अटी पाळून घेणारा हात ढिला पडला म्हणून. व्हर्सायचंही तेच झालं असं मला वाटतं. अमेरिकेच्या सिनेटनं तहाला मंजुरीच दिली नाही, ब्रिटननं अंग काढून घेतलं, फ्रान्स एकटा पडला. १९२३ मध्ये दंड वसूल करायला त्यानं रूर या जर्मनीच्या कारखानदारीच्या भागात फौज घातली, पण पुढं ७ मार्च १९३६ ला हिटलरनं ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे त्याच सैन्यबंदीच्या पट्ट्यात, सैन्य नेलं तेव्हा कुणी हललं नाही. मान दुखावणारा तह करायचा आणि मग राखायचा पण नाही, ह्यानं सगळा घोटाळा झाला.

तर अडचण अशी आहे. १३२ अब्जांत तीन प्रकारचे बाँड (कर्जरोखे) होते, अ चे १२, ब चे ३८ आणि क चे तब्बल ८२ अब्ज, आणि त्या क बाँडची वसुली होईल असं ठरवणाऱ्यांनाही वाटत नव्हतं असं वाचलंय. खरा बोजा ५० अब्जांचा, आणि शेवटी भरले गेले साधारण २० अब्ज. मग पोरांना दंड अवाच्या सवा होता असं सांगू का कागदावरच मोठा होता असं? परीक्षेत १३२ लिहिलं नाही तर मार्क जातेत, तेही बघायचंय. आणि १९२३ ला मार्क मातीमोल झाला त्याचं खापर गाईडवाले सरळ दंडावर फोडतेत, पण नोटा तर सरकारच छापत होतं, फ्रेंच फौजेच्या विरोधात रूरमध्ये संपावर गेलेल्या कामगारांचे पगार पण त्यातूनच जात होते, हे दोन्ही धागे बारावीच्या पोरांना कुणी सोपं करून शिकवलेत का? शिकवले असतील तर फळ्यावर कसं मांडलं ते सांगा.

उदगीरची तुलना ओढूनताणून वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा. पुढच्या आठवड्यात हा धडा परत घ्यायचाय, त्या पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय.