केस्तूड ठणकायलाच हवं का? न दुखणाऱ्या गाठीला तुमच्याकडे काय म्हणतात?

लाल चिरा:
एका शब्दावरून घरात भांडण लागलंय म्हणून इथे विचारतोय. आमचे काका गुहागरजवळ असतात, वय ७४, बारा वर्षांपूर्वी किडनी बदललेली आणि त्याच्या गोळ्या रोज चालू. गणपतीच्या आधी कानशिलावर लालसर जांभळट पुळीसारखं काहीतरी आलं. काकू म्हणाली केस्तूड. नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर तेच सांगितलं, त्यांनी गोळ्या दिल्या, काकूने वरून कांदा भाजून बांधला. दिवाळीपर्यंत ते सुपारीएवढं झालं, घट्ट, आणि दुखणं अजिबात नाही. मग चिपळूणला चामडीच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या तुकडा काढून पाठवला आणि रिपोर्ट आला मर्केल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक दुर्मिळ कॅन्सर.
आता आत्या म्हणते, केस्तूड ठणकतं, ठणकत नाही ते केस्तूडच नव्हे, तुम्ही शब्द चुकीचा सांगितलात म्हणून दोन महिने गेले. काकू तेव्हापासून जेवत नाहीये नीट. तर केस्तूड या शब्दातच दुखणं आहे का? आणि न दुखणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या गाठीला आपल्याकडे वेगळा शब्द आहे का?

सुरंगी:
आधी काकांना बरं वाटू दे. आमच्याकडे (दापोली) केसतूट म्हणतात. केस मुळात तुटतो आणि तिथे पू धरतो म्हणून. ठणका असतोच, रात्रभर झोप नाही. पण काकूंना दोष देऊ नका हो, डोक्याजवळ काहीही आलं की पहिलं हेच तोंडात येतं.

कोशवाचक:
'केसतूड' हेच बरोबर. बाकी आत्याबाईंशी सहमत. ठणकतं ते गळू किंवा केसतूड, काखेत आलं तर काखमांजरी. न दुखणारी मऊ गाठ म्हणजे आवाळू. मराठीत शब्द भरपूर आहेत, आपण ते वापरत नाही.

मालवणी खाजा:
आवाळू वर्षानुवर्षं तसाच असता. आमच्या आज्याच्या पाठीर चाळीस वर्सां होतो, आजो गेलो तेव्हा तो पण गेलो. दोन महिन्यात सुपारी होता तेका आवाळू कसो म्हणशात?

पॅथॉलॉजीवाली:
मी रत्नागिरीत लॅबमध्ये आहे, असे रिपोर्ट क्वचितच बघायला मिळतात. गोऱ्या लोकांच्या देशांत जास्त आढळतो, आपल्याकडे फार कमी. लाल चिरा, काकूंना एक नक्की सांगा: २००८ मध्ये अमेरिकेतल्या १९५ पेशंट्सचा अभ्यास छापून आला होता, त्यात निम्म्याहून जास्त वेळा तुकडा काढेपर्यंत डॉक्टरांनाच ही साधी गाठ वाटली होती. तिथे कुणी केस्तूड म्हणालं नव्हतं. शब्दाने काही बिघडलेलं नाही.
त्याच अभ्यासातून डॉक्टरांनी लक्षात ठेवायला इंग्रजी पाच स्वर घेतले, एइआयओयू. न दुखणारी, झपाट्याने वाढणारी, प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस, पन्नाशीच्या पुढचं वय, आणि उन्हात उघडी राहणारी गोरी कातडी. दहातल्या जवळपास नऊ जणांत यातली तीन तरी होती. तुमच्या काकांकडे मोजा, किडनीच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबूनच ठेवतात.

लाल चिरा:
मोजली. चार तर नक्कीच. काका गोरे म्हणावे तर घारे-गोरे आहेत आणि जन्म बागेत उन्हात गेला, म्हणजे पाच धरा. हे मी आज रात्री काकूला वाचून दाखवतो. रिपोर्टमधलं अजून एक, त्यात सीके-२० पॉझिटिव्ह आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह लिहिलंय. काका म्हणाले एक तरी निगेटिव्ह आलं, म्हणजे निम्मा कॅन्सर नाही. काय सांगू?

पॅथॉलॉजीवाली:
अरे देवा. कोविडने ते दोन शब्द पार बिघडवून ठेवलेत. असं सांगा, सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या लहान, गोल, निळ्या पेशी दिसतात, आणि तशाच दिसणाऱ्या पेशी फुप्फुसाच्या एका कॅन्सरात असतात, लिम्फोमातही (लसीकागाठींचा कॅन्सर) असू शकतात. मग त्या कुठल्या घरच्या हे ओळखायला वेगवेगळे रंग लावतात. सीके-२० लागला आणि पेशीच्या केंद्राला चिकटून टिंबासारखा दिसला की मर्केल. टीटीएफ-१ फुप्फुसवाल्यात बहुतेक वेळा लागतो, इथे नाही लागला. म्हणजे 'लागला' आणि 'नाही लागला' एवढंच. निम्मं-बिम्मं काही नाही.

खाडीपल्याड:
'लागला / नाही लागला' झकास आहे. मेंदी लागते तसं.

कोशवाचक:
मुद्दा पुढे नेतो. 'मर्केल सेल कार्सिनोमा' असं लिहून मराठी माणसाला काय कळणार? १८७५ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मर्केलने या पेशींचं वर्णन केलं तेव्हा त्याने स्वतःचं नाव दिलेलं नाही, त्याच्या भाषेत तो त्यांना स्पर्शपेशी म्हणाला होता. तर 'स्पर्शपेशी कर्करोग' म्हणा. आणि अशा कॅन्सरला डॉक्टर न्यूरोएंडोक्राइन (नसा आणि अंतःस्रावी ग्रंथी, दोन्हींसारख्या पेशींचा) म्हणतात, ते मज्जा-अंतःस्रावी.

पॅथॉलॉजीवाली:
मज्जा नको प्लीज!! मज्जासंस्था म्हटलं की अर्ध्या लोकांना हाडातली मज्जा आठवते, आणि कॅन्सरच्या घरात तो घोळ म्हणजे कुणीतरी बोन मॅरो द्यायला निघेल. शाळेच्या पुस्तकात आता चेतासंस्था आहे. आणि स्पर्शपेशी पण नको, कारण ही गाठ खरंच मर्केलच्या पेशींतून निघते का यावर आता शंका आहे. १९७२ मध्ये टोकर नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा हिचं वर्णन केलं तेव्हा नावात मर्केल नव्हताच, नंतर चिकटला. २००८ मध्येच कळलं की सुमारे ८० टक्के गाठींत एक पॉलिओमा विषाणू असतो, जो एरवी बहुतेक सगळ्यांच्या कातडीवर निवांत पडून असतो.

कोशवाचक:
आमच्या पिढीने मज्जातंतू म्हणूनच शिकलं, कुणी कुणाला बोन मॅरो दिला नाही. वापरातला शब्द हाकलून 'चेता' आणणं हीच कृत्रिमता.

खाडीपल्याड:
काल शुद्ध मराठी, आज वापरातला शब्द, एक काहीतरी ठरवा. आणि कर्करोग तरी कुठे आपला? जुन्या वैद्यांकडे अर्बुद होतं. कर्क म्हणजे खेकडा, ग्रीक लोकांना गाठीभोवतीच्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, ते लॅटिनमधून फिरून आलं आणि आपण भाषांतर करून गळ्यात घातलं. कोकणात तर कुर्लीरोग म्हणायला हवं.

मालवणी खाजा:
कुर्लेक मधी घेव नकात. आज सोमवार आसा.

सुरंगी:
माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही घरात 'गाठ' एवढंच म्हणायचो. कॅन्सर शब्द उच्चारायचा नाही. त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं त्यांना माहीत आहे, पण गाठ. त्यामुळे मला ह्या चर्चेत 'आक्रमक' शब्दाची भीती वाटते. ॲग्रेसिव्हला लोक सर्रास आक्रमक म्हणतात, क्रिकेटमध्ये असल्यासारखं. पेशंटला काय सांगायचं?

कोशवाचक:
जहाल म्हणा. टिळकांच्या रत्नागिरीत हा शब्द शिकवायला नको. जहाल आणि मवाळ, जोडीही तयार.

पॅथॉलॉजीवाली:
मवाळ गाठ म्हणजे हाताला मऊ लागणारी गाठ, सर्जन लोक बोलतात तसं. घोळ वाढेल. मी 'पटकन पसरणारा' म्हणते. नंतर लगेच सांगते की ह्याला रेडिएशन चांगलं लागू पडतं आणि २०१७ पासून प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं पण आलीत, मात्र किडनी बदललेल्या माणसात ती फार जपून, कारण जागी झालेली शक्ती त्या किडनीवर पण जाऊ शकते. हे मुंबईच्या डॉक्टरांना नक्की विचारा.

लाल चिरा:
हे विचारायचं सुचलंच नसतं, लिहून ठेवलं. शुक्रवारी परळला टाटाला जायचंय, पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय का ते बघणारा) आहे. आत्याला वाटलं पोटाचा स्कॅन, गाठ कानाजवळ आणि पोट कशाला तपासतात म्हणून डॉक्टरवर चिडली. मानेतली गाठ पण काढून बघणार म्हणालेत. त्याला अवधाण म्हणायचं का?

सुरंगी:
अवधाण म्हणजे पायाला काटा लागला की जांघेत येतं ते. दुखतं.

मालवणी खाजा:
परत दुखण्यार इलो.

पॅथॉलॉजीवाली:
अवधाण ही तीच लसीकागाठ (जंतू अडवणारी छोटी ग्रंथी, सगळ्यांच्या अंगात असते), फक्त सुजलेली. इथे सुजलेली नसली तरी काढतात, कॅन्सरच्या गाठीकडून निघालेली पेशी पहिल्यांदा जिथे अडकेल ती. नाक्यावरची गाठ म्हणा.

कोशवाचक:
बरं, ते इंग्रजी पाच स्वर मराठीत करून दिले तर? अ - अवेदन. आ - आकार झपाट्याने वाढणं. इ - इम्युनिटी कमी. उ - उतारवय. ऊ - ऊन. ई अडलाय.

खाडीपल्याड:
'इ' ला इम्युनिटी! कोशवाचकांच्या हातून! स्क्रीनशॉट काढला. आणि मघाशी काकूंनी गळवावर पोटीस बांधायला हवं होतं म्हणून तुम्हीच मला मेसेज केलात ना, तो पोटीस पण इंग्रजी पोल्टिसच आहे.

कोशवाचक:
पोटीस शंभर वर्षं मराठीत आहे, तो मराठी झाला.

लाल चिरा:
काकूला वाचून दाखवलं. डॉक्टर पण फसतात हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, पण ते केस्तूडच होतं आधी, नंतर हे झालं. आत्या उठून माडीवर गेली.

सुरंगी:
ई - ईर्षेने वाढणारी?

कोशवाचक:
ईर्षा म्हणजे मत्सर. गाठ कुणाचा मत्सर करणार?

खाडीपल्याड:
तो संस्कृतात. मराठीत ईर्षेला पेटणं म्हणजे चुरशीने मागे लागणं. आमच्या वाडीत नारळ फोडण्यावरून ईर्षा लागते, मत्सर नाही.

कोशवाचक:
संस्कृतात ईर्ष्या, य आहे त्यात. आधी तो लिहा, मग बोलू.