मूडल: कोणत्या शिक्षकाने कोणाला उत्तर दिलं हे लॉगमधून कसं काढायचं?

खडूफळा:
सेवांतर्गत प्रशिक्षणाचा 6 आठवड्यांचा कोर्स आहे. मूडल 4.1 (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली), 96 शिक्षक, 3 सुलभक. दर आठवड्याला चर्चामंचावर एक स्वतःची पोस्ट आणि दोन प्रतिसाद सक्तीचे, त्याला गुण. लॉग (कोणी केव्हा काय केलं याची नोंद) सीएसव्ही फाइलमध्ये उतरवला, पण त्यात 'पोस्ट तयार झाली', 'चर्चा पाहिली' एवढंच. कोणी कोणाला उत्तर दिलं ते नाही. गेफी या जाळ्यांच्या आकृत्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं जाळं काढायचंय. शिवाय एक्सेलमध्ये मराठीची पार वाट लागते.

आकडेमोड:
लॉग बाजूला ठेवा, त्यात ते मिळणार नाही. मंच उघडून 'एक्स्पोर्ट' घ्या (3.8पासून आहे, दिसत नसेल तर ॲडमिनकडून परवानगी घ्या). त्या फाइलमध्ये आयडी, पेरेंट, युजरआयडी असे रकाने असतात. पेरेंट म्हणजे ज्या पोस्टला उत्तर दिलं तिचा आयडी. 0 असेल तर ती चर्चेची पहिली पोस्ट. एक्सेलच्या एक्सलुकअप सूत्राने पेरेंटवरून त्या पोस्टचा युजरआयडी शोधा. उत्तर देणारा 'सोर्स', ज्याला दिलं तो 'टार्गेट'. 0 असलेल्या ओळी आणि स्वतःच स्वतःला दिलेली उत्तरं काढून टाका. गेफीत 'डायरेक्टेड' (दिशा असलेलं जाळं) निवडा, पुनरावृत्त कडांसाठी (कड म्हणजे एकाने दुसऱ्याला दिलेलं उत्तर दाखवणारी रेघ) 'सम', म्हणजे बेरीज.

सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नका. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या आणि 65001 यूटीएफ-8 निवडा. वेळ युनिक्स आकड्यात (1970च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) आली तर =A2/86400+25569+5.5/24, म्हणजे भारतीय वेळ मिळेल. शेवटचं 5.5/24 विसरलं की रात्री 10 ला लिहिणारे शिक्षक दुपारी साडेचारला, ऐन शाळेच्या वेळेत लिहिताना दिसतात, आणि अहवालात भलतेच निष्कर्ष जातात.

तिसरा_बाक:
तंत्र बरोबर आहे, पण या कोर्समध्ये चित्र फसवं येणार. दोन प्रतिसाद सक्तीचे म्हटल्यावर प्रत्येकाकडून निघणाऱ्या कडा जवळपास सारख्याच. त्यात नियम दिसतो, संवाद नाही. बघायचं ते उत्तरं कोणाकडे येतात, आणि तिसरं-चौथं उत्तर कोण देतं. त्यातही लवकर पोस्ट टाकणाऱ्याला आयती जास्त उत्तरं मिळतात, म्हणून पोस्टची वेळ सोबत धरा.

दुसरं, बरेच जण सहकाऱ्याला उद्देशून लिहितात, पण 'रिप्लाय' दाबतात सर्वात वरच्या पोस्टखाली. मग सुलभक मध्ये आणि बाकी सगळे भोवती असा तारा तयार होतो. 50 पोस्ट हाताने वाचून पेरेंट किती वेळा चुकतो ते मोजा. त्याचं प्रमाण मोठं असेल तर मजकुरातल्या संबोधनावरून ('पाटील सर, तुमचा मुद्दा...') कडा दुरुस्त कराव्या लागतील. शेवटी तिन्ही सुलभकांचे बिंदू काढून जाळं पुन्हा काढा. तुकडे पडले, तर शिक्षकांचा आपसात संवाद होताच असं म्हणता येत नाही.

खडूफळा:
आणि जे लिहीत नाहीत, नुसतं वाचतात? व्हॉट्सॲप गटही धरायचा का?

आकडेमोड:
वाचन 'चर्चा पाहिली'वरून मोजतात, पण मंचाचं सदस्यत्व असेल तर पोस्ट ईमेलने जातात आणि तिथे वाचलेलं लॉगमध्ये येत नाही. म्हणून 'शून्य वेळा पाहिलं' म्हणजे 'वाचलं नाही' असं लिहू नका. व्हॉट्सॲपच्या निर्यात फाइलमध्ये कोणत्या संदेशाला उत्तर दिलं ते उतरत नाही, त्यामुळे जाळ्यासाठी ती निरुपयोगी. संमतीचा प्रश्न वेगळाच.

तिसरा_बाक:
जाळ्यासोबत मजकुराचं वर्गीकरण हवंच. 'खूप छान सर' हीसुद्धा एक कड असते. ऑनलाइन चर्चेतला विचार कुठवर गेला हे तपासायला गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांच्या चौकटीतले चार टप्पे घ्या: प्रश्न उपस्थित होणे, शोध, सांधणी, उकल. वर 'निव्वळ दाद' असा पाचवा रकाना स्वतःचा जोडा. दोघांनी एकमेकांचं न बघता त्याच 100 पोस्टना टप्पे लावायचे, मग कोहेनचा कॅप्पा (योगायोग वगळून दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा) काढायचा. 0.7च्या खाली आला तर बहुतेक वेळा घोळ शोध आणि सांधणी यांच्या सीमेवर असतो. व्याख्या घट्ट करा आणि नव्या 100 पोस्टवर पुन्हा तपासा. शब्दसंख्येवर भिस्त ठेवू नका: काही जण शासन निर्णयाचा उताराच्या उतारा चिकटवतात. रोमन लिपीतल्या पोस्ट आधी वेगळ्या काढा, नाहीतर शब्द शोधताना त्या निसटतात. आणि दुसऱ्याला फाइल देण्याआधी नावांच्या जागी क्रमांक घाला; रकान्यातच नव्हे, मजकुरातल्या 'पाटील सर'लासुद्धा.