शब्दचर्चा: ‘परीक्षेत आणू नकोस’ – परीक्षा, मोह, की आमिष?

सांजवेळ (सोलापूर):
आमच्या मंडळीत रविवारी मुलांचा शास्त्रवर्ग घेते. सध्या बायबलमधले याकोबाचे पत्र चालू आहे. पहिल्या अध्यायाच्या बाराव्या वचनात परीक्षेत टिकणाऱ्याला धन्य म्हटले आहे, आणि लगेच तेराव्यात देव कोणालाही मोहात पाडत नाही असे येते. मुलांनी विचारले, मग येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ असे का म्हणतो? दहावीतल्यांना तर परीक्षा म्हटले की बोर्डच आठवते. तिथे ‘मोह’ किंवा ‘प्रलोभन’ म्हटले तर अर्थ जास्त नीट पोचेल का?

कोशवाचक:
ताई, प्रश्न फार चांगला आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच कुळातले शब्द आहेत: नाम ‘पेइरास्मोस’, क्रियापद ‘पेइराझो’. पारखून पाहणे हाही त्यांचा अर्थ, आणि मोहात पाडणे हाही. उत्पत्ती या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात देव अब्राहामाची कसोटी पाहतो, तिथे जुन्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूकडे येतो, तिथेही हेच. म्हणजे प्रसंग एकच असतो. एकाला माणूस टिकावा असे वाटत असते आणि दुसऱ्याला तो पडावा असे.

रानातला तो प्रसंग मुलांबरोबर सावकाश वाचा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागणे यात पाप कसले? भाकर तर वाईट वस्तू नव्हेच. येशू तिन्ही वेळा ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणून उत्तर देतो, आणि तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या आणि ८व्या अध्यायांतली आहेत. तो सैतानाशी वाद घालत बसत नाही. आधीपासून पाठ असलेले वचन त्या घटकेला तोंडी येते. पाठांतराला कंटाळणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवा.

‘परीक्षा’ शब्दाबद्दल एवढेच सांगतो की परि + ईक्ष् म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे, आणि आपला ‘पारख’ त्यातूनच आला आहे. शाळेची परीक्षा हा नंतरचा अर्थ. शब्द टाकू नका, तो मोठा करून सांगा.

पूर्वभागकर:
आमच्या घरी प्रार्थना तेलुगूत होते. तिथे ‘शोधनलोकि तेक’ म्हणतात, म्हणजे शोधनेत आणू नको. शेजारच्या कन्नड कुटुंबाच्या प्रार्थनेतही ‘शोधने’च आहे. सोलापुरात एकाच गल्लीत ही प्रार्थना तीन भाषांत ऐकू येते, आणि तिन्हींत तपासून पाहण्याचा अर्थ आहे, मोहाचा नाही. मराठीत ‘शोधन’ म्हटले की शुद्ध करणे आठवते, ते वेगळे. पण दिशा जवळचीच. ताईंच्या वर्गात तेलुगू आणि कन्नड घरांतली मुले असणारच. त्यांना घरचा शब्द विचारा की!

धागादोरा:
‘मोह’बद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण खरी अडचण तिथे आहे.

संस्कृतात मुह् म्हणजे भांबावणे, भान हरपणे. षड्रिपूंतला मोह हा भ्रम आणि आसक्ती यांच्या जवळचा. रोजच्या मराठीत मात्र आपण ‘जिलेबी खायचा मोह आवरला नाही’ असे सहज म्हणतो, इतका तो सौम्य झाला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली वाक्यरचना. ‘मला मोह झाला.’ इथे ‘मी’ कर्ता नाही. ताप आला तसा मोह झाला, माझा त्यात काय दोष? याकोब नेमके हेच नाकारतो. तो म्हणतो, प्रत्येक जण स्वतःच्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. म्हणून मुलांना ‘मला मोह झाला’ हे वाक्य पुरे पडणार नाही. ‘मी मोह आवरला’ किंवा ‘मी आवरला नाही’, असे कर्त्यासह बोलायला शिकवा.

आणि तो ‘भुलवला जातो’! चौदाव्या वचनात तिथे जे ग्रीक क्रियापद आहे ते ‘देलेआर’वरून आले आहे, म्हणजे गळाला किंवा सापळ्यात लावलेला तुकडा. आपल्याकडे त्यासाठी अगदी चोख शब्द आहे: आमिष. मूळ अर्थ मांस, म्हणून तर शाकाहाराला ‘निरामिष’. आज हा शब्द पोलिसांच्या बातम्यांत जिवंत आहे: ‘जादा परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक’. आमिष दाखवणारा बाहेर असतो, पण दामदुप्पटीची हाव आपली असते. याकोबाला हेच सांगायचे आहे, असे मला मनापासून वाटते. ‘प्रलोभन’ही चालेल, पण तो भाषणातला शब्द. मुलांना आमिष लगेच कळते.

पूर्वभागकर:
आणि ‘प्रतिकार’? आपण सर्रास ‘मोहाचा प्रतिकार करा’ म्हणतो, पण बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात मला तो फारसा दिसत नाही. ४:१५ मध्ये ओळीने क्रियापदेच आहेत: टाळ, त्या वाटेने जाऊ नको, वळ, पुढे निघून जा. ५:८ मध्ये तर परस्त्रीच्या घराच्या दाराजवळही जाऊ नको. सातव्या अध्यायातला तो तरुण दिवेलागणीला तिच्या कोपऱ्यावरून चालतो, तिथेच गोष्ट अर्धी संपलेली असते.

माझे वडील यंत्रमागावर होते. पगार आठवड्याचा. त्या दिवशी ते गुत्त्यावरचा रस्ता सोडून लांबच्या बोळाने घरी यायचे, आणि पिशवी घेऊन आईला अर्ध्या वाटेवर बोलवायचे. त्यांना कोणी विचारले तर म्हणायचे, ‘तिथून गेलो की जिंकणार नाही, ठाऊक आहे.’ मला तरी ४:१५ त्यांच्यामुळेच कळले.

कोशवाचक:
वडिलांनी शास्त्राचा अर्थ बरोबर लावला होता. नव्या करारात दोन वेगळी क्रियापदे आहेत, ती एकत्र करू नयेत. सैतानाला ‘अडवा’, म्हणजे तो पळेल (याकोब ४:७). पण तारुण्याच्या वासनांपासून ‘तू पळ’ (२ तीमथ्य २:२२). योसेफाने पोटीफराच्या घरी नेमके हेच केले, वस्त्र पोटीफराच्या बायकोच्या हातात टाकून तो निघाला. पळणे म्हणजे भित्रेपणा असे आपण मानतो, म्हणून ‘प्रतिकार’ हा एकच शब्द सगळीकडे चिकटवतो आणि मुलांना नको तिथे उभे राहायला शिकवतो.

सांजवेळ:
एक शंका राहिली. फ्रेंच कॅथोलिकांनी २०१७ मध्ये आणि इटलीत २०२० मध्ये या ओळीचे शब्द बदलले. मराठीतही बदलावेत का?

कोशवाचक:
माझे मत नाही असे आहे. तिथे ‘मोह’ या अर्थाचाच शब्द होता, त्यामुळे देवच मोहात घालतो की काय अशी शंका यायची. मराठीत ‘परीक्षा’ आहे. देवाने कसोटी पाहणे हे उत्पत्तीपासून शास्त्रात आहेच, आणि ती सोसवणार नाही म्हणून लेकराने बापाकडे विनवणी करणे यात काही वावगे नाही. सोबत १ करिंथ १०:१३ शिकवा. सोसवेल त्यापलीकडे देव परीक्षा होऊ देणार नाही आणि निभावण्याचा उपायही करील, असे तिथे आहे.

सांजवेळ:
मग प्रार्थनेत ‘परीक्षा’ तशीच राहील. याकोब १:१४ला फळ्यावर ‘आमिष’ लिहीन, आणि नीतिसूत्रे ४:१५ची क्रियापदे मुलांकडून मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही भाषांत म्हणून घेईन. पूर्वभागकर दादा, तेलुगूतली क्रियापदे शनिवारपर्यंत इथे लिहाल का?