'स्पास'ला मराठीत काय म्हणावं : कढी की आंबील?

प्रश्न : आर्मेनियन 'स्पास'ची कृती मराठीत लिहिते आहे. दही, गहू, अंडं आणि वरून लोण्यात परतलेला कांदा, कोथिंबीर. 'कढी' म्हटलं तर चालेल का? आणि मात्सुन, तान, जावार हे शब्द बदलू की तसेच ठेवू?

– मात्सुन म्हणजे दही, त्यात वादच नाही. तान म्हणजे ताक. पूर्वी लोणी काढून उरलेलं, आता बहुतेक वेळा दह्यात पाणी-मीठ घालून केलेलं. उच्चार जवळचा वाटला तरी त्यावरून व्युत्पत्ती काढत बसू नका. लिहिताना एक सोय आहे : मात्सुनमधला 'त्स' आपल्या 'चोर'मधल्या च-सारखा आणि 'जावार'मधला ज 'जाळ'मधल्यासारखा. हिंदीत हे दाखवायला कसरत करावी लागते, आपल्याला नाही.

– जावारला 'दलिया' मात्र म्हणू नका. तो गहू आधी उकडून, वाळवून मग सडलेला, म्हणजे कांडून कोंडा काढलेला असतो. 'उकडा गहू' समजेल, तांदळाचा उकडा सगळ्यांना माहीत आहे. तो मिळाला नाही तर खिरीसाठी सडतात तसला गहू घ्या, फक्त रात्रभर भिजवा.

– कढी म्हणायला हरकत एवढीच की वाचक बेसन आणि हळदीची फोडणी शोधेल. तंत्र मात्र कढीचंच. बेसनाचं काम इथे मैदा आणि अंडं करतात.

चौघांसाठी 1 लिटर दही, 1 अंडं, 2 मोठे चमचे मैदा, पाऊण लिटर पाणी, 100 ग्रॅम गहू. गहू वेगळा, पूर्ण मऊ शिजवून घ्या. आंबटात दाणा मऊ होत नाही, कच्चा घातलात तर तासाभरानेही टचटचीत राहील. अंडं-मैदा आधी एकजीव करा, त्यात थोडं थोडं दही, मग पाणी. सगळं गार असतानाच गॅसवर चढवा. पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही, पळी बुडाला लागली पाहिजे. एकाच दिशेने ढवळा असं सांगतात. दिशेने काही बिघडत नाही, थांबल्याने बिघडतं. उकळी आली की गहू घाला, पाचेक मिनिटं मंद आचेवर ठेवा. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं तर फुटण्याची शक्यता वाढते.

– 'फुटणं' हाच शब्द ठेवा. 'फाटणं' हिंदीकडून आलेलं वाटतं, शिवाय दुधाला 'नासणं'ही आहे.

– आणि 'आंबील'?

– आंबील पिठाची, इथे दाणा अख्खा. शीर्षकात 'स्पास', खाली 'गव्हाची दह्यातली कढी' असं द्या. उन्हाळ्यात ते गारही वाढतात, तेही लिहा. उरलेलं रात्रीत घट्ट होतं, कारण गहू पाणी ओढतो. कोमट पाणी घालून सैल करा आणि नुसतं तापवा, खळखळ उकळू नका.