फितींच्या मधली जागा खरोखरच पोकळ असते का?

प्रश्न (शिक्षिका, नांदेड)
नमस्कार. मी पदवीच्या वर्गाला जीवरसायनशास्त्र शिकवते. परवा युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची फितींची आकृती (साखळीची घडी फितीसारखी दाखवणारे चित्र) पडद्यावर फिरवून दाखवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, मधे सगळी पोकळीच आहे का?" मी नाही म्हणाले, पण पटवून देता आले नाही. शिवाय रचनेची तीच फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली असता अल्फा हेलिक्स (साखळीचा मळसूत्रासारखा पिळलेला भाग) एका अमिनो आम्लाने आखूड दिसते. कोणते चित्र खरे मानावे?

उत्तर (लातूर)
मॅडम, फीत केवळ कण्याचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या मुख्य साखळीचा, मार्ग दाखवते. पार्श्वशृंखला, म्हणजे कण्याला बाजूने जोडलेले अणुगट, मुद्दाम गाळलेल्या असतात आणि आतली जागा त्यांनीच ठासून भरलेली असते. त्याच पडद्यावर अणू गोळ्यांच्या रूपात दाखवा, म्हणजे फट शोधावी लागेल. गटाच्या नकाशावर बांध दिसतात, उभी तूर दिसत नाही, म्हणून कोणी रान पडीक समजत नाही, असे मी वर्गात सांगतो. जीवभौतिकशास्त्रज्ञ जेन रिचर्डसन यांनी १९८१च्या लेखासाठी अशा आकृत्या हाताने रेखाटल्या होत्या. हेलिक्सला पीळदार फीत आणि बीटा स्ट्रँडला (साखळीच्या ताणलेल्या भागाला) कार्बॉक्सिल टोकाकडे, म्हणजे साखळीच्या शेवटाकडे, रोखलेला बाण, हीच रीत संगणक आजही पाळतो.

उत्तर (परभणी)
वरील उत्तरात एक भर घालतो. स्ट्रँडचा कणा मुळात नागमोडी असतो. प्रोग्राम तो गुळगुळीत करून घेतो, त्यामुळे फितीवर पार्श्वशृंखला काढल्या तर काही वेळा त्या फितीपासून सुटून अधांतरी लोंबताना दिसतात. तो दोष प्रथिनाचा नव्हे. हेलिक्सच्या टोकाचे म्हणाल, तर काही प्रोग्राम फाइलमध्ये आधीच नोंदवलेल्या सीमा घेतात आणि काही स्वतः हिशेब करतात. काब्श आणि सँडर यांची १९८३ची पद्धत कण्यातील हायड्रोजन बंधांची ऊर्जा मोजते, तर इतर काही पद्धती रामचंद्रन आलेखातील, म्हणजे कण्याच्या वळणांच्या, कोनांवर विसंबतात. टोकाशी बंध विरळ होतात, तेव्हा एखाद्या अमिनो आम्लाचा फरक पडणारच. मात्र मधल्या भागात मतभेद दिसला, तर फाइल पुन्हा तपासावी.

प्रश्नकर्त्या
आभारी आहे. आज गोळ्यांचे चित्र दाखवले. तोच विद्यार्थी आता विचारतो की आत जागाच नसेल, तर पाणी शिरते कोठून. त्यासाठी वेगळा प्रश्न टाकते.