मदत हवी आहे : रिअर ॲडमिरल क्रॅडॉक यांची कारकीर्द आणि कोरोनेलचा निर्णय

नमस्कार.

ब्रिटिश नौदलातील रिअर ॲडमिरल सर ख्रिस्तोफर क्रॅडॉक यांच्यावर मी मराठीत एक दीर्घ चरित्रलेख लिहीत आहे. पूर्वार्ध लिहून झाला आहे, पण उत्तरार्धात एका प्रश्नापाशी काम थांबले आहे. नौदलात किंवा व्यापारी जहाजांवर नोकरी केलेले आणि जुनी कागदपत्रे वाचण्याची सवय असलेले अनेक सभासद येथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ, कोरोनेलच्या समुद्रात, आपल्याहून उघडपणे बलवान असलेल्या जर्मन ताफ्याशी क्रॅडॉक भिडले आणि स्वतःसह सुमारे १,६०० माणसे गमावून बसले. या निर्णयाचे मूळ त्यांच्या स्वभावात शोधावे, त्यांना लंडनहून मिळालेल्या आदेशांत शोधावे, की त्याआधीच्या ३९ वर्षांच्या नोकरीने लावलेल्या वळणात?

त्यांची कारकीर्द ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. क्रॅडॉक यांचा जन्म १८६२ मध्ये यॉर्कशायरमधील हार्टफर्थ येथे, जमीनदार घराण्यात झाला. १८७५ मध्ये ते 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण नौकेवर दाखल झाले. १८९१ मध्ये सुदानमधील टोकरच्या मोहिमेत ते होते. १९०० च्या जून महिन्यात चीनमध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी 'अलॅक्रिटी' या नौकेचे प्रमुख असताना ताकू येथील किल्ल्यांवरच्या हल्ल्यात त्यांनी ब्रिटिश नाविकांच्या तुकडीचे पुढे राहून नेतृत्व केले आणि पुढच्याच वर्षी त्यांना कॅप्टनपद मिळाले. १९१० मध्ये ते रिअर ॲडमिरल झाले. डिसेंबर १९११ मध्ये 'देल्ही' हे पी अँड ओ कंपनीचे प्रवासी जहाज मोरोक्कोच्या केप स्पार्टेलजवळ वादळात रुतले. त्यावर पंचम जॉर्ज यांची बहीण राजकन्या लुईझ आणि तिचे कुटुंबीय होते. त्या बचावकार्याचे नेतृत्व क्रॅडॉक यांच्याकडे होते आणि त्यानंतर त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांनी तीन पुस्तके लिहिली, त्यांतली दोन नाविकांच्या रोजच्या कामाबद्दल आहेत. त्यांनी लग्न केले नाही. घोड्यावरून कोल्ह्याची शिकार हा त्यांचा मोठा छंद होता, आणि मरण यावे तर शिकारीत किंवा समुद्रावरच्या लढाईत यावे असे ते म्हणत, अशी आठवण त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते.

हीच आठवण मला अडचणीची वाटते. कोरोनेलबद्दल लिहिणारे बरेच जण ती उद्धृत करतात आणि तिच्यातूनच निर्णयाचा उलगडा झाला असे मानून पुढे जातात. माणूस धाडसी होता, म्हणून त्याने धाडस केले, एवढ्यावर हा विषय मिटवणे मला पटत नाही, कारण सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९१४ मधले तारसंदेश क्रमाने वाचले की वेगळेच चित्र दिसू लागते.

युद्ध सुरू झाले तेव्हा क्रॅडॉक उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज या क्षेत्राचे प्रमुख होते. ऑगस्टमध्ये 'कार्ल्सरूहे' ही वेगवान जर्मन क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) त्यांच्या हातून निसटली. त्यानंतर त्यांनी 'गुड होप' या चिलखती क्रूझरला आपली ध्वजनौका, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाची नौका, केले. हॅलिफॅक्स येथे चार तरुण कॅनेडियन मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) या नौकेवर रुजू झाले होते. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यदलांतून सर्वांत आधी बळी गेले ते हेच चौघे. दरम्यान जर्मन ॲडमिरल फॉन श्पे यांचा पूर्व आशियाई ताफा पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेकडे येत होता. मद्रासवर २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तोफा डागणारी 'एमडेन' याच ताफ्यातून ऑगस्टमध्ये वेगळी होऊन हिंदी महासागरात आली होती, त्यामुळे आपल्या वाचकांना हा ताफा अगदीच अनोळखी नाही.

१४ सप्टेंबरच्या संदेशात ॲडमिरल्टीने (लंडनमधील ब्रिटिश नौदल मुख्यालयाने) क्रॅडॉक यांना कळवले की 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाऊ' या फॉन श्पे यांच्या दोन मोठ्या नौकांना तोंड देण्याइतके बळ एकत्र करा, 'डिफेन्स' ही आधुनिक चिलखती क्रूझर भूमध्य समुद्रातून तुमच्याकडे येत आहे, ती पोहोचेपर्यंत 'कॅनोपस' ही जुनी युद्धनौका सोबत ठेवा. दोनच दिवसांत, फॉन श्पे दूर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांजवळ दिसल्याची बातमी आल्यावर, लंडनचा अंदाज बदलला आणि बळ एकवटण्याची गरज उरली नाही असे कळवण्यात आले. 'डिफेन्स'ला मात्र भूमध्य समुद्रातच थांबवले गेले आणि ही गोष्ट क्रॅडॉक यांना वेळेवर सांगितली गेली नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये धोका पुन्हा स्पष्ट झाला, शत्रूला शोधण्याची अपेक्षा कायम राहिली, आणि 'डिफेन्स' अखेर दक्षिण अटलांटिकमध्ये आली ती दुसऱ्या ॲडमिरलच्या, म्हणजे स्टॉडार्ट यांच्या ताफ्यात. २६ ऑक्टोबरच्या सुमारास क्रॅडॉक यांनी स्वच्छ शब्दांत कळवले की 'कॅनोपस'च्या संथ गतीमुळे तिला बरोबर घेऊन शत्रूला गाठणे शक्य नाही, म्हणून आपण 'डिफेन्स'ला बोलावले आहे आणि 'कॅनोपस'ला कोळसावाहू जहाजांच्या सोबतीला ठेवत आहोत. लंडनने 'डिफेन्स' देण्यास नकार दिला. तिला क्रॅडॉक यांच्याकडे पाठवण्याचा आदेश ३ नोव्हेंबरला निघाला. तोपर्यंत 'गुड होप' बुडून दोन दिवस झाले होते आणि ही बातमी लंडनला पोहोचायला आणखी एक दिवस लागणार होता.

मृत्यूच्या बाबतीत निष्काळजी असलेल्या माणसाचे हे संदेश मला वाटत नाहीत. आपले बळ अपुरे आहे हे जाणणारा आणि ते वरिष्ठांच्या कानावर घालणारा अधिकारी त्यांत दिसतो. याउलट, तेव्हा नौदलाचे मंत्री असलेल्या चर्चिल यांनी पुढे आपली बाजू मांडताना सांगितले की 'कॅनोपस'च्या १२ इंची तोफांच्या आसऱ्याला राहिले असते तर क्रॅडॉक सुरक्षित होते. हा युक्तिवाद मला सोयीचा वाटतो, पण तो तांत्रिकदृष्ट्या कितपत टिकतो हे ठरवण्याइतके जहाजांचे ज्ञान माझ्याकडे नाही.

याला आणखी एक पदर आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात रिअर ॲडमिरल ट्रूब्रिज यांनी 'गोबेन' या बलाढ्य जर्मन नौकेचा पाठलाग सोडून दिला, कारण समोरचे बळ वरचढ असेल तर लढाई टाळावी अशी सूचना त्यांच्यापर्यंत आलेली होती. तरीही त्यांची चौकशी झाली आणि त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करायचे ठरले. क्रॅडॉक यांना हे माहीत होते. ट्रूब्रिज यांच्यावर आली तशी वेळ आपल्यावर येऊ देणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी आपल्या एका सहकारी ॲडमिरलला लिहिले होते. ट्रूब्रिज निर्दोष सुटले, पण तो निकाल ९ नोव्हेंबरला लागला. तो दोन आठवडे आधी लागला असता तर कोरोनेलला काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मला तीन बाबतींत मदत हवी आहे. पहिली तांत्रिक आहे : 'गुड होप'च्या १६ आणि तिच्या सोबतच्या 'मॉनमथ' या क्रूझरच्या १४ सहा इंची तोफांपैकी पुष्कळशा खालच्या मजल्यावर असल्याने खवळलेल्या समुद्रात निरुपयोगी होत्या असे वाचले आहे, प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो? दुसरी अशी की १ नोव्हेंबरच्या दुपारी शत्रू दिसल्यावर दक्षिणेकडे वळून 'कॅनोपस'पर्यंत पोहोचणे खरोखर शक्य होते का? तिसरी कागदपत्रांची : त्यांच्या सेवेची मूळ नोंद आणि तारसंदेशांच्या प्रती मिळवण्याचा मार्ग कोणी सांगू शकेल का? मी पुण्यात राहतो आणि लंडनला जाणे सध्या शक्य नाही.

प्रतिसाद

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले. मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो आणि चिलीच्या किनाऱ्याने प्रवास केला आहे, त्यामुळे पहिल्या दोन मुद्द्यांवर लिहितो.

त्या काळच्या चिलखती क्रूझरवर दुय्यम तोफा जहाजाच्या कुशीत दोन मजल्यांवर, बंदिस्त खणांमध्ये बसवलेल्या असत. खालच्या मजल्यावरच्या तोफा पाण्यापासून इतक्या जवळ असत की समोरून मोठी लाट येत असताना खणाचे दार उघडले तर पाणी आत शिरते, आणि दार उघडले नाही तर तोफ डागता येत नाही. त्या दिवशी जोराचा वारा होता. त्यामुळे लांबच्या माऱ्यासाठी क्रॅडॉक यांच्याकडे व्यवहारात 'गुड होप'च्या दोन ९.२ इंची तोफाच होत्या, आणि त्यांतली पुढची तोफ लढाईच्या पहिल्या काही मिनिटांतच निकामी झाली. समोरच्या दोन मोठ्या नौकांवर प्रत्येकी आठ २१ सेंटिमीटर तोफा होत्या, त्या उंचावर होत्या, आणि ते गोलंदाज वर्षानुवर्षे एकत्र सराव केलेले होते. 'गुड होप'वर बहुतेक माणसे राखीव दलातून नुकतीच बोलावलेली होती. सूर्यास्तानंतर ब्रिटिश नौका पश्चिमेच्या उजेडावर ठळक दिसत होत्या आणि जर्मन नौका किनाऱ्याच्या अंधारात मिसळल्या होत्या, हे तर आपण वाचलेच असेल.

दुसऱ्या मुद्द्यावर माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. माघार शक्य होती. 'गुड होप', 'मॉनमथ' आणि 'ग्लासगो' या तिन्ही नौका कागदावर तरी जर्मन मोठ्या नौकांपेक्षा मंद नव्हत्या, आणि अंधार पडायला फार वेळ नव्हता. अडचण 'ओट्रॅन्टो'ची होती; ते तोफा चढवलेले प्रवासी जहाज होते आणि तिला मागे टाकावे लागले असते. 'कॅनोपस' सुमारे ३०० मैल दक्षिणेला होती. तिच्याबद्दल एक गोष्ट आपल्या लेखात जरूर यावी. ती जेमतेम १२ नॉट गतीने जाऊ शकते असे क्रॅडॉक यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिचा मुख्य इंजिनिअर मानसिक आजाराने ग्रासलेला होता आणि यंत्रे १६ नॉटांपर्यंत नेण्याजोगी होती. हे जहाजाच्या कप्तानाला दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटे सोडल्यानंतर कळले, पण त्यांनी ते क्रॅडॉक यांना कळवले नाही. इंजिनरूमचा अहवाल वर ब्रिजवरून जहाज हाकणाऱ्या माणसाला पडताळता येत नाही, तो विश्वासावरच घ्यावा लागतो, त्यामुळे या बाबतीत मी क्रॅडॉक यांना दोष देणार नाही.

कागदपत्रांबद्दल : लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात अधिकाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी 'ॲडम १९६' या मालिकेत आणि पहिल्या महायुद्धातली ॲडमिरल्टीची कागदपत्रे 'ॲडम १३७' या मालिकेत आहेत. नेमणुकांच्या तारखा पडताळण्यासाठी जुन्या नेव्ही लिस्ट (नौदल अधिकाऱ्यांच्या छापील याद्या) स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत, आणि पदोन्नती व किताबांसाठी 'लंडन गॅझेट' हे ब्रिटिश सरकारी राजपत्र शोधता येते.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. 'कॅनोपस'च्या यंत्रांचा मुद्दा मी लेखाच्या मध्यभागी आणणार आहे, कारण चर्चिल यांचा युक्तिवाद आणि क्रॅडॉक यांचा निर्णय, दोन्ही एकाच चुकीच्या माहितीला बांधलेले आहेत असे आता दिसते.

माघार शक्य होती हे आपले म्हणणे मी स्वीकारतो, आणि त्यामुळे प्रश्न अधिक नेमका होतो. 'ग्लासगो'ने पकडलेल्या बिनतारी संदेशांवरून समोर एकटी 'लाइपझिग' ही लहान जर्मन क्रूझर असावी असा क्रॅडॉक यांचा समज होता, कारण जर्मन ताफा मुद्दाम तिचीच खूण वापरत होता. दुपारी साडेचारच्या सुमारास धूर दिसला आणि मोठ्या नौका ओळखू आल्या, तेव्हा हा समज संपला. तेथून सायंकाळी सात वाजता तोफा सुरू होईपर्यंत अडीच तास होते. त्या वेळात त्यांनी आपल्या नौका शत्रूच्या सर्वांत जवळ असलेल्या 'ग्लासगो'भोवती गोळा केल्या, दक्षिणेकडे रांग धरली आणि 'कॅनोपस'ला आपण हल्ला करत असल्याचे कळवले. आपण बुडालो तरी शत्रूच्या नौकांची इतकी मोडतोड करावी की दुरुस्तीच्या गोदीपासून हजारो मैल दूर असलेला तो ताफा पुढे निकामी व्हावा, असा हिशेब त्यांनी केला असावा, असे काही अभ्यासक मानतात. मोडतोड झाली नाही, पण फॉन श्पे यांचा मोठ्या तोफांचा दारूगोळा निम्म्याच्या आसपास खर्च झाला आणि ८ डिसेंबरला फॉकलंडजवळ पुढची लढाई झाली तेव्हा तो भरून काढण्याचा मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

आता मला विशेषतः नौदलातून निवृत्त झालेल्या सभासदांचे मत हवे आहे : त्या अडीच तासांत, हाती असलेल्या माहितीवर, 'ओट्रॅन्टो'ला सोडून निघून जाण्याचा आदेश देणे त्या काळच्या अधिकाऱ्याला कितपत शक्य होते? शिवाय 'ॲडम १३७' मधल्या संदेशांच्या प्रती टपालाने किंवा संगणकीय स्वरूपात मागवण्याचा अनुभव कोणाला असेल, तर अर्जात नेमका काय तपशील द्यावा लागतो तेही कृपया लिहावे.