'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन'ला मराठीत काय म्हणावं? (जैवविविधता नव्हे!)

पाणकावळा
मंडळी, एका वन्यजीव संस्थेची पुस्तिका मराठीत करतोय. त्यात एक प्रकरण आहे: जीवशास्त्रात आणि संवर्धनाच्या कामात बायका, आदिवासी, दलित, भटके-विमुक्त, अपंग माणसं कशी येतील आणि आल्यावर कशी टिकतील. मथळा मी केला 'संवर्धनातील विविधता आणि समावेशन'. तिथल्या जीपच्या ड्रायव्हरला वाचून दाखवला, तर म्हणाला, "म्हणजे किती जातीचे पक्षी आहेत, तेच ना?" त्याचं काय चुकलं? जंगलाच्या पुस्तकात 'विविधता' दिसली की फुलपाखरंच डोळ्यांपुढे येणार. 'विविध जातींचा सहभाग' लिहावं तर दोन्हीकडून पंचाईत. आणि 'समावेशन' त्याच्या डोक्यावरूनच गेलं. शुक्रवारी छपाई आहे. सुचवा.

वरणफळ
सर्वसमावेशकता. पेपरात रोज येतो. प्रश्न मिटला.

कानामात्रा
मिटला नाही, वाढला. 'समावेश' असताना 'समावेशन' कशाला? सम् + आ + विश्, म्हणजे एकत्र आत शिरणे. नेमका अर्थ आहे. पुढे 'न' जोडला की चांगला शब्द परिपत्रकात जाऊन बसतो. विविधतेच्या जागी 'वैविध्य' घ्या, पक्ष्यांशी गोंधळ होणार नाही.

झेडपीगुरुजी
आमच्याकडे 'समावेशित शिक्षण' कितीतरी वर्षं आहे, त्यामुळे या शब्दाच्या कुळाशी माझी जुनी ओळख. वर्गात एक मुलगी व्हीलचेअरवर. शाळेला उतार केला, स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या तशाच. देवराईत झाडं-पाखरं बघायला सहल नेली तेव्हा ती गाडीतच बसून राहिली. अहवालात लिहिलं, 'सर्व विद्यार्थी सहभागी'. लिहिणारा मीच. व्याकरणाच्या अंगाने बघा: 'समावेशित' म्हणजे कोणीतरी केलेलं. कानामात्रांनी सांगितलेलं 'आत शिरणे' त्यात उरतच नाही.

कानामात्रा
म्हणूनच म्हणतो, समावेश. (अहवालाचं वाचून वाईट वाटलं.)

वऱ्हाडी_ठेचा
काय भाऊ, शब्दावर अडून बसले तुम्ही! आमच्या वाशीमकडचं सांगतो. तणमोर पाखरू कुठं उतरते, कोणत्या गवतात नर उड्या मारते, हे फासेपारध्याले जेवढं ठाऊक तेवढं कोणाले नाही. माह्या आजोबाचा एक मैतर होता पारधी. शहरातून पाखरांचा अभ्यास करणारे आले की त्यालेच घेऊन फिरत. त्यानं दाखवलं, यानं लिहिलं. लेख छापून आला त्यात याचं नाव काय? 'एक स्थानिक माहितगार'. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या शिक्क्यापायी त्या समाजाले पोलीस उठता-बसता हुडकत होते, तवा नाव बरोबर सापडत होतं. आता मले सांगा, समावेश तर झालताच ना त्याचा? जंगलात तोच पुढं होता.

कानामात्रा
'माहितगार' शब्द मात्र झकास. 'गार' हा फारसी प्रत्यय, गुन्हेगारातला. तरी झकास.

वऱ्हाडी_ठेचा
पारध्याच्या गोष्टीत तुम्हाले गुन्हेगारच आठवला. चालू द्या.

पाणकावळा
बरं झालं हा विषय निघाला. त्याच प्रकरणात 'फील्ड असिस्टंट' पानोपानी आहे. मी 'क्षेत्र सहायक' केलंय.

वऱ्हाडी_ठेचा
मारलं! आमच्याकडे क्षेत्र सहायक म्हणजे वनखात्याचा माणूस, राउंडवाला. ज्याच्यापासून पारधी पळे तोच. 'वाटाड्या' म्हणा.

वरणफळ
वाटाड्या म्हटलं की ट्रेकचा गाईड वाटतो. 'जाणकार' कसा?

निवृत्त_वनस्पती
इतकी वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून धीर करून लिहिते. आत घेणं आणि आपलं मानणं यांना वेगळे शब्द हवेत. कमला सोहोनींचं उदाहरण घ्या, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा घेतलं. पण पहिलं वर्ष अजमावून पाहण्यापुरतं, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये अशी अट घालून. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. आता त्या अटी घातलेल्या वर्षाला 'समावेश' म्हणायचं का? हजेरीपटावर नाव तर होतं. मला 'सामावून घेणे' बरं वाटतं. त्यात घेणाऱ्यालाही थोडं सरकून बसावं लागतं.

झेडपीगुरुजी
बाई, नमस्कार. 'सरकून बसणे' हेच का नको? एसटीतल्या प्रत्येकाला कळेल.

कानामात्रा
सामावणे आणि समावेश यांचं मूळ एक नाही, हे लक्षात घ्या. समावेशात 'विश्', सामावण्यात 'मा' म्हणजे मोजणे. पिशवीत मावतं, आनंद पोटात मावत नाही, तोच मावणे. म्हणजे सामावून घेणाऱ्याचं भांडं आधीच ठरलेलं असतं. मावलात तर या.

खैर
मावणे गोंडीतून आलं असणार. गोंडीत 'मावा' म्हणजे आमचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा आठवा: 'मावा नाटे माटे सरकार', आमच्या गावात आम्हीच सरकार. सामावणे म्हणजे आमचं करून घेणे. किती सुंदर!

कानामात्रा
सुंदर आहे, खरं नाही. उद्या खव्याचा मावाही गोंडी म्हणाल.

खैर
तुमचं संस्कृतातून आलं की व्युत्पत्ती, आमचं गोंडीतून आलं की विनोद? संवर्धनातही हेच चालतं. बरं, व्युत्पत्ती सोडली. पण मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या जंगलात संस्थेचे लोक ग्रामसभेला विचारून येतात. तिथे कोण कोणाला सामावून घेतं? तुमच्या मथळ्यात घर संस्थेचं आणि पाहुणे आदिवासी, असंच वाचणार लोक.

पाणकावळा
हे मान्य. मग मथळाच फिरवू? 'संवर्धन कोणाचं?'

वरणफळ
तो अग्रलेख झाला. कायद्याच्या भाषेत जा, तिथे शब्द रोखठोक असतात. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याचे जुने नियम २००४ चे. त्या नियमांत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत अध्यक्ष सोडून जास्तीत जास्त सहा जण होते, त्यात किमान एक तृतीयांश बायका आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे. ना समावेशन, ना सामावणं. 'प्रतिनिधित्व' लिहा.

निवृत्त_वनस्पती
अशाच एका समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी मी गेले होते. समितीतल्या दोन बायकांनी सही केली आणि चहा ठेवायला उठल्या. रानभाज्यांचा तक्ता त्यांच्या नवऱ्यांनी भरला, सात भाज्या. नंतर चुलीपाशी बसून मी विचारलं तर तेवीस निघाल्या, त्यात कोणती दोनदा उकळून पाणी टाकायची हेही आलं. प्रतिनिधित्व सहीपुरतं पुरलं.

झेडपीगुरुजी
तेवीस! यादी टाका ना बाई. आमच्याकडे कुर्डूची भाजी करतात, तुमच्या यादीत होती का?

कानामात्रा
पण बाईंना कोश 'शास्त्रज्ञा' म्हणेल की शास्त्रज्ञ? आणि 'वनरक्षिका' हा शब्द कोणी छापील पाहिलाय का?

निवृत्त_वनस्पती
'प्राध्यापिका' चालतं. 'शास्त्रज्ञा' ऐकलं की नाटकातलं पात्र वाटतं. शास्त्रज्ञच म्हणा. कुर्डू होती.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या जंगलाच्या बीटवर वनरक्षक बाईच हाय. गाव तिले 'गार्ड मॅडम' म्हणते. कोशाची वाट कोणी पाहिली नाही.

कानामात्रा
'मॅडम' काही मराठी नव्हे. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' शब्द दिला, तशी घडण जमली पाहिजे.

खैर
चितमपल्ली शब्द घडवायच्या आधी जंगलातल्या माणसांत वर्षानुवर्षं बसले, ते विसरू नका. काकागार गोड आहे, पण मला कुतूहल आहे की माडिया आदिवासी त्या वसाहतीला काय म्हणतात.

पाणकावळा
सर्वांचे आभार, पण उद्या शुक्रवार. आता अशी स्थिती आहे: वैविध्य, सरकून बसणे, प्रतिनिधित्व, जाणकार. ड्रायव्हरला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "साहेब, 'कोणालाच बाहेर ठेवू नका' असं सरळ लिहा ना." संस्थेला हे 'फार बोलीभाषेतलं' वाटतंय. मत द्या, प्लीज. फक्त मथळ्यावर.

कानामात्रा
'प्लीज' ऐवजी 'कृपया'.

खैर
ठेचाभाऊ, तणमोराला मध्य प्रदेशात खरमोर म्हणतात. तुमच्याकडचे पारधी काय म्हणतात?

वऱ्हाडी_ठेचा
विचारून सांगतो. आजोबाचा तो मैतर गेला, पण त्याचा नातू हाय.